तोंड नसलेली टाकी

कागद सुटला तेव्हा सगळ्यांना दिसलं, की टाकीला गालगुंड झालंय.

एरवी भट्टीवाला रंगवून भाजलेला माल कुणाबरोबर तरी धाडून देतो. आज तो जातीनं आला, टाकी वर्कशॉपच्या मधल्या टेबलावर ठेवली, कागद फाडला आणि दोन पावलं मागे सरकला. रंग सुरेख बसला होता, गडद निळा, आत बारीक चकाकी. पण मोटरसायकलवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी असते तशी दोन्ही बाजूंना जी खोलगट खोबण बारकीनं आठ दिवस ठोकून काढली होती, ती उलटी होऊन बाहेर आली होती. डावीकडे तर पत्र्याला चक्क सुरकुती पडली होती.

"आत हवा कोंडली," भट्टीवाला म्हणाला. "दोनशे अंशांवर गेली की हवा जागा मागते. त्यात थोडी ओल असली तर वाफ, मग विचारूच नका. मी तुमच्या मुलीला आधीच सांगितलं होतं, खालून एक भोक ठेव. ती म्हणाली, ठेवलंय. मला वाटलं, असेल."

हे त्यानं बारकीच्या वडिलांना, थोरल्यांना, सांगितलं, चहाला नको म्हणाला आणि टेम्पो काढून गेला.

संकटं पाहुण्यांचा दिवस बघूनच येतात. रविवार होता आणि घर भरलेलं होतं. आत्या आदल्या संध्याकाळीच आल्या होत्या. धाकटे काका सकाळी आले ते हातात संमतीपत्र घेऊन. घराच्या पुढच्या दोन खोल्या, म्हणजे हे वर्कशॉप, फरशीच्या एका व्यापाऱ्याला गोदाम म्हणून भाड्यानं द्यायचं चाललं होतं. मागच्या आजारपणानंतर बारकीच्या आजोबांनी, अण्णांनी, जागा तिन्ही मुलांच्या नावावर करून दिली होती, त्यामुळे सह्या तिघांच्या लागणार होत्या. अण्णांनी फक्त एक अट घातली होती. नातीला एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं करू द्या. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं तर कागद एक वर्ष थांबवा, नाही तर खुशाल सह्या करा. धाकट्यांनी ती अट मान्य केली होती, कारण ते वाईट माणूस नव्हते.

काम आलं ते एका केकवाल्याचं. आडव्या अंगाचा माणूस. तरुणपणी आईनं मोटरसायकल घेऊ दिली नाही. आता आई राहिली नाही, पण तिनं घातलेली भीती राहिली. म्हणून त्यानं लांबलचक, बसकी क्रूझर सायकल बनवून घेतली होती, आणि तिच्या सांगाड्याच्या वरच्या दोन नळ्यांमध्ये त्याला मोटरसायकलसारखी टाकी हवी होती. नुसती शोभेची. आत पेट्रोल नाही, पाणी नाही, काही नाही. वरचं झाकणसुद्धा खोटं, नुसतं चिकटवलेलं. गुरुवारी सायकलींचं प्रदर्शन होतं आणि तिथं त्याला ती मिरवायची होती.

अण्णांना ही गोष्ट सुरुवातीपासून पटलेली नव्हती. तोंड नसलेली टाकी म्हणजे काय, असं ते येईल त्याला विचारत. त्यांच्या वडिलांनी तेलाचे डबे केले, अण्णांनी मोटरसायकलींच्या, जनरेटरच्या, ट्रॅक्टरच्या टाक्या केल्या, आणि चार गल्ल्यांत त्यांना टाकीवाले म्हणत ते एकाच गोष्टीसाठी. त्यांची टाकी गळत नसे. मागच्या मोरीशेजारी एक लोखंडी टब होता. तयार झालेली प्रत्येक वस्तू त्यात कोमट पाण्याखाली दाबून धरायची आणि बुडबुडा येतो का बघायचा. बुडबुडा आला तर ती वस्तू दाराबाहेर जात नसे. लहानपणी हे दाबून धरायचं काम धाकट्यांकडे असे, थंडीत सुद्धा, आणि त्यांनी पुढे कचेरीतली नोकरी का धरली याचं निम्मं उत्तर त्या टबात होतं.

तर आता टाकी टेबलावर फुगून बसली होती आणि सहा माणसं तिच्याभोवती उभी होती.

"सांगितलेलं एक भोकसुद्धा ठेवता येत नाही?" थोरले मुलीला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "तो काय खोटं बोलतोय?"

 बारकी सव्वीस वर्षांची झाली तरी घरात बारकीच होती. तिनं टाकी उचलून उलटी केली आणि बुडाशी, जिथं सायकलची नळी टेकली की काही दिसणार नाही अशा जागी, अंगठा फिरवला. तिथं तिनं भोक पाडलेलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. बुधवारी दुपारी पाडलं, आणि रात्रीच्या जेवणात आईला त्याबद्दल सांगितलंही होतं. आता तिथं भोक नव्हतं. रंगाखाली एक गुळगुळीत, किंचित उंच टिकली हाताला लागत होती. कुणीतरी पितळेचा डाख देऊन भोक बुजवलं होतं आणि वरून कानस मारून सपाट केलं होतं.

वडील विजेवर जोड मारतात. या घरात गॅस पेटवून पितळेचा डाख देणारा माणूस एकच. बारकीला कळायला क्षणही लागला नाही. तिनं टाकी पुन्हा सरळ ठेवली आणि अण्णांकडे अजिबात पाहिलं नाही.

"चुकलं," ती म्हणाली.

यानंतर आत्यांनी बरंच काही सांगितलं. पोरीची हौस झाली, आता तिनं कुठं तरी नीट नोकरी बघावी, लोखंडाच्या गेटवाल्यांकडे हल्ली मुली घेतात म्हणे. धाकट्यांनी आपल्या परीनं समजूत घातली. थोरल्या दादाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, अण्णांचा तोल जातो, मागच्याच महिन्यात ते टबाशी पडता पडता वाचले, हे सगळं कुणासाठी ओढायचं? त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. मग सगळे आत गेले, कारण उभ्यानं सह्या होत नाहीत.

बारकी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली तेव्हा आईनं मागून दार लोटून घेतलं.

"भोक पाडलं होतंस ना तू?"

"आई, जाऊ दे."

"जाऊ कसं दे? मला कौतुकानं सांगितलंस. बुडाला भोक असलेली पहिली टाकी या घराची, असं म्हणून हसलीस. मग गेलं कुठं ते?"

बारकीनं पेला धुऊन पालथा घातला. मग म्हणाली, "अण्णांनी बुजवलं असणार. टबात घातली असेल, बुडबुडे दिसले असतील. त्यांना वाटलं असेल, माझा जोड फुटलाय."

आईनं कपाळाला हात लावला. बत्तीस वर्षं ती या घरात होती, सासऱ्यांना ओळखून होती. "मग बाहेर जाऊन सांग."

"काकांसमोर? आत्यासमोर? अण्णांनी आयुष्यात एक टाकी बिघडवली नाही, आणि हे मी सांगू?"

"वर्कशॉप जाईल."

"जाऊ दे."

पण तिला ते जायला नको होतं. शाळेत असल्यापासून तिला दुसरं काही नको होतं. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा, लाकडी हातोड्यानं कडेकडेनं ठोकत जायचं, आणि सपाट पत्र्याला हळूहळू पोट येताना बघायचं, एवढ्यासाठी तिनं दोन स्थळं आणि एक बँकेची नोकरी घालवली होती. आईला हे ठाऊक होतं. चिडून तिनं डाळीला दोनदा मीठ घातलं, एवढंच.

अण्णा अजून वर्कशॉपमध्येच होते. सगळे आत गेले तरी ते स्टुलावर बसून राहिले होते. भट्टीवाल्याचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं आणि ते ऐकलं त्याच वेळी त्यांना सगळं समजलं होतं. मागच्या गुरुवारी सकाळी बारकी घासायचा कागद आणायला गेली असताना त्यांनी टाकी टबात दाबली होती. बुडातून बुडबुड्यांची माळ आली.  पोरीच्या पहिल्याच कामात गळती, आणि रविवारी धाकटा येणार. त्यांनी टाकी शेगडीवर वाळवली, गॅस पेटवला आणि डाख दिला. तो उडाला. पुन्हा दिला, पुन्हा उडाला. तीनदा पितळ बुडबुडा होऊन फुटलं. आत कोंडलेली गरम हवा बाहेर यायला बघत होती, साधी गोष्ट, पण त्यांना वाटलं आपला हात थरथरतोय म्हणून उडतोय. चौथ्यांदा ओलं फडकं आजूबाजूला गुंडाळून त्यांनी तो बसवला. पुन्हा टबात घातली. एक बुडबुडा आला नाही. नातीची अब्रू वाचवली म्हणून त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले होते.

आता त्यांनी उठून आत जायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं. ते उठले नाहीत. चांगला पाऊण तास ते तिथंच बसले आणि आत पोरीला सगळे शहाणपण शिकवत होते ते ऐकत राहिले. त्या पाऊण तासाबद्दल त्यांना माफ करायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. वय झालं की माणूस खरं बोलतो असं म्हणतात, पण तो तेव्हाही भितोच.

आत बैठकीच्या खोलीत संमतीपत्र टीपॉयवर ठेवलेलं होतं. बारकी दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्यावर एक नाही, दोन सह्या आहेत. दुसरी तिच्या वडिलांची होती. सकाळीच केलेली, टाकी यायच्याही आधी.

"बाबा, तुम्ही केलीत सही?"

थोरल्यांनी मान खाली घातली. टाकी चांगली आली असती तर फाडला असता कागद, असं ते पुटपुटले. बारकीला अण्णांच्या डाखाचा राग आला नव्हता तेवढा या सहीचा आला.

धाकट्यांनी पेन आत्यांपुढे केलं. आत्यांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून कागद वाचायला घेतला, आणि तेवढ्यात अण्णा आले. भिंतीला धरून आले आणि बसले नाहीत.

"भोक मी बुजवलं," ते म्हणाले. "तिनं ठेवलं होतं. मला वाटलं गळतंय. मी डाख दिला आणि तिला सांगितलं नाही."

 एकदम सगळेच बोलायला लागले. आत्या म्हणाल्या, होतं असं, वयानुसार होतं. आई म्हणाली, तुम्ही आधी बसा बघू. धाकट्यांनी उठून वडिलांना खुर्ची दिली आणि पाणी दिलं, आणि मग शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. पण अण्णा, यानं बदललं काय? टाकी बिघडली ती बिघडली. एका वर्कशॉपात दोन माणसं, एकाचं काम दुसऱ्याला ठाऊक नाही. मी तेच म्हणतोय ना."

याला उत्तर थोरल्यांकडून येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. थोरले बोलत नसत. लग्नात, बारशात, भांडणात, ते नेहमी खुर्च्या लावायला गेलेले असत.

"आजचं नाहीये हे," ते म्हणाले. "तीस वर्षं चाललंय. मी दुपारी जेवायला आत आलो, की अण्णा माझा जोड कानस मारून पुन्हा करतात. मला दिसतं ते. पहिली दहा वर्षं वाटलं, शिकेन मी. मग वाटायचं बंद झालं. गळली असती का रे एखादी माझ्या हातची? कळायला मार्गच नाही. एकही टाकी माझी म्हणून बाहेर गेली नाही. सही मी डोळ्यांमुळे केली नाही. जे माझं कधी नव्हतंच, ते द्यायला काय जातंय, म्हणून केली."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. आपण मुलाला आधार देतोय, असं ते तीस वर्षं समजत होते. मुलगा रागावला नव्हता, हे सगळ्यांत वाईट होतं.

"मला सांगायचंस," ते म्हणाले.

"तुम्ही मला सांगायचं होतंत, जोड चुकलाय म्हणून."

"चुकलेला नसायचा," अण्णा म्हणाले. "तुझे जोड चुकायचे नाहीत. माझी खात्री व्हायची नाही, एवढंच."

आत्यांनी पेनाला टोपण घातलं. पुढे त्या मैत्रिणींत सांगत की मी तर पहिल्यापासून बारकीच्या बाजूची होते. ते काही खरं नव्हतं, पण त्या घडीला त्या बारकीच्या बाजूच्या झाल्या हे मात्र खरं. त्यांनी तिला विचारलं, गुरुवारपर्यंत दुसरी होईल का. ते विचारताना त्यांनी धाकट्यांकडे मुद्दाम पाठ केली होती.

बारकी म्हणाली, होईल. कडेची पट्टी शाबूत आहे, फक्त दोन्ही बाजू कापून नव्या ठोकायच्या. साचे तयार आहेत. बाबांनी जोड मारले तर बुधवारी सकाळी भट्टीला देता येईल. मग ती अण्णांसमोर जाऊन खाली बसली.

"पण माझी एक अट आहे, अण्णा."

"बोल."

"टेबलावर ठेवलेल्या कामाला तुम्ही हात लावायचा नाही. माझ्याही नाही, बाबांच्याही नाही. काही चुकलेलं दिसलं तर तोंडानं सांगायचं. मी ऐकलं तर ऐकलं, नाही तर नाही. आणि टबात काय घालायचं ते मी ठरवणार."

"अगं," आई म्हणाली, "कुणाशी बोलतेस?"

"तिला बोलू दे, वहिनी," हे धाकटे म्हणाले. त्यांनाच आश्चर्य वाटलं असावं, कारण मग ते खोकले.

अण्णांनी आपले हात मांडीवर ठेवले होते.  नातीनं मागितलं ते बरोबर होतं, हे त्यांना दिसत होतं. आणि ते दिलं की वर्कशॉपमध्ये आपल्याला करायला काही उरत नाही, हेही दिसत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. लपवून उपयोग नव्हता, डोळे भरून आलेले सगळ्यांना दिसले.

"मग मी करू काय तिथं?" त्यांनी विचारलं.

 बारकी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली, पण अट तिनं मागे घेतली नाही.

"बरं," अण्णा म्हणाले.

जेवणं खारट डाळीसकट झाली. कागद धाकट्यांनी आपल्या पिशवीत घातला आणि फरशीवाल्याला थांबायला मी सांगतो म्हणाले. जाता जाता त्यांनीच भट्टीवाल्याला फोन लावून बुधवारची सकाळ राखून ठेवायला सांगितली, कचेरीत सांगतात तशा ठणठणीत आवाजात. बारकीनं तेवढ्यात टाकीच्या बुडाला ड्रिल लावलं होतं. बाहेरची हवा फुस्स करून आत शिरली. खोबण काही आत गेली नाही. ताणलेला पत्रा असा आपोआप परत येत नाही.

सोमवार, मंगळवार दोन्ही दिवस वर्कशॉपमधून ठोकण्याचा आवाज येत राहिला. अण्णा खुर्ची घेऊन दाराबाहेर बसले. आत गेले नाहीत. आवाजावरून त्यांना पत्रा कुठं पातळ होतोय ते कळत होतं. सोमवारी दुपारी त्यांनी एकदाच बाहेरून सांगितलं, "मधे फार मारू नकोस, कडेला ये." थोड्या वेळानं आवाज कडेला आला. मंगळवारी थोरल्यांनी जोड मारायला घेतले. एका डोळ्यावर भागत नव्हतं, म्हणून बारकी शेजारी उभी राहून बॅटरी धरत होती. दुपारी दोघं जेवायला आत आली आणि टाकी टेबलावर तशीच राहिली. अण्णा बाहेर खुर्चीवर होते आणि वर्कशॉपचं दार सताड उघडं होतं.

थोरल्यांनी त्या दिवशी दोन पोळ्या कमी खाल्ल्या. जेवण अर्धवट टाकून ते परत आले, टाकीशी वाकले आणि आपल्या जोडावरून बोट फिरवलं. तो जसा सोडला होता तसाच होता, काळपट, जरा ओबडधोबड, कानस न लागलेला. अण्णांची पाठ दाराकडे होती. ते रस्त्याकडे बघत बसले होते.

गुरुवारी सकाळी केकवाला सायकल ढकलत आला. टाकी दोन नळ्यांमध्ये नीट बसली. त्यानं चार बाजूंनी फिरून बघितलं, खोबणीवर तळवा ठेवला, सायकलवर टांग टाकून गुडघे टेकवून बघितले आणि लहान मुलासारखा हसला. मग तो बाहेर येऊन अण्णांच्या पाया पडायला वाकला, त्याच्या देहाला जमेल तेवढा.

"अण्णा, हात तो हात," तो म्हणाला. "या वयात असं काम."

"मी काही केलेलं नाही," अण्णा म्हणाले. "पत्रा नातीनं ठोकलाय. जोड सगळे माझ्या मुलाचे. मी बघितलेसुद्धा नाहीत."

थोरले आत भिंतीपलीकडे अवजारं लावत होते. त्यांनी ऐकलं. छप्पन्नाव्या वर्षी माणसानं एवढ्याशा वाक्यासाठी रडावं का, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते रडले.